वाण्याची वही ते क्यूआर कोड : आपल्या खरेदीची नोंद कोण ठेवतो?

किराणा दुकान, भाजीची गाडी, केशकर्तनालय, रिक्षा, इतकेच नव्हे तर विहाराबाहेर मेणबत्ती-अगरबत्ती विकणाऱ्या मावशी, या सर्वांपाशी आज काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन दिसतो. मोबाईल त्यासमोर धरायचा, रक्कम लिहायची, चार किंवा सहा आकडी पिन दाबायचा. लगेच दुकानातल्या लहानशा डब्यातून 'चाळीस रुपये मिळाले' असा आवाज येतो आणि खरेदी पुरी होते. हे सर्व आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागे नेमके काय घडते याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आम्ही बँकेच्या काउंटरवर बसतो, त्यामुळे आम्हाला मात्र तो रोज करावा लागतो. पैसे कापले गेले पण दुकानदाराला मिळाले नाहीत, पैसे येणार म्हणून पिन टाकला आणि उलट गेले, पासबुकात ही दहा रुपयांची नोंद कसली, अशा तक्रारी घेऊन निवृत्त काका येतात, भाजी विकणाऱ्या भगिनी येतात आणि कॉलेजात शिकणारी मुलेही येतात. त्या शंकांना धरूनच प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

दुकानदारीत यंत्रे आली म्हणजे काय बदलले, असे विचारल्यास बहुतेक लोक म्हणतात की नोटा गेल्या आणि मोबाईल आला. आमच्या मते हा बदल वरवरचा होय. खरा बदल नोंदीत झाला आहे. खरेदी काय झाली, किती रुपयांची झाली, कोणी केली, याची नोंद पूर्वी एका ठिकाणी होत असे. आता ती भलत्याच ठिकाणी होते, आणि ती कोठे होते हे ज्याला ठाऊक नाही त्याचे नुकसान होण्याचा संभव असतो.

पूर्वीची नोंद म्हणजे वाण्याची वही. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबोडकी वही आणि प्रत्येक घराचे एक पान. महिनाभर मुलांनी जायचे, 'शेठ, पावशेर साखर, मांडून ठेवा' म्हणायचे आणि पगार झाला की वडिलांनी हिशेब चुकता करायचा. या वहीने अनेक घरे जगविली हे मान्य केलेच पाहिजे. १९८२ साली मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा कित्येक कामगारांच्या चुली काही काळ तरी उधारीवरच पेटत होत्या. परंतु ही वही वाण्याच्या हातात होती आणि आपल्या आधीच्या पिढ्यांतील पुष्कळांना तीत काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. शेठने 'बाकी एकशेदहा' म्हटले की ती एकशेदहाच. वाद घालायचा तर पुढच्या महिन्याचे धान्य बंद. त्याहून मागे गेलो तर आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले आपण सर्वांनी ऐकले आहे: गावच्या दुकानात पायरीच्या खाली उभे राहायचे, नाणे फळीवर ठेवायचे आणि सामान वरून पदरात टाकले जायचे. घरातला पहिला मुलगा किंवा मुलगी शाळेत गेली आणि वाण्याच्या वहीतली बेरीज तपासू लागली, तेव्हा त्या दुकानात त्या घराला किंमत आली. म्हणून खरेदीची नोंद वाचता येणे ही आपल्याकडे केवळ सोयीची बाब कधीच नव्हती.

वहीनंतर आली पट्ट्यांची खूण, म्हणजेच बारकोड. अमेरिकेतील नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोघांना १९५२ साली या कल्पनेचे पेटंट मिळाले. वुडलँड यांना तारायंत्राची मोर्स लिपी येत होती. समुद्रकिनारी वाळूत बोटांनी ठिपके आणि रेघा काढता काढता त्यांनी त्या खाली ओढून लांब केल्या आणि जाड-बारीक पट्ट्यांची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. परंतु पट्ट्या वाचणारा लेसर किरण आणि दुकानाला परवडेल असा संगणक यांची वाट पाहण्यात वीस वर्षे गेली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय या गावच्या एका मोठ्या दुकानात च्युइंगमचा एक पुडा यंत्रावरून फिरविण्यात आला. बारकोडवर झालेली ती पहिली विक्री होय.

बारकोडविषयी एक गैरसमज फार आढळतो. त्या पट्ट्यांत किंमत लिहिलेली असते असे लोकांना वाटते. तसे नसते. त्यात फक्त तेरा आकडी क्रमांक असतो. किंमत असते ती दुकानाच्या संगणकात. यंत्र क्रमांक वाचते, संगणक त्या क्रमांकापुढची किंमत शोधतो आणि बिलावर छापतो. म्हणून फळीवर लावलेली किंमत एक आणि बिलात दुसरी असे घडू शकते. संगणकात नवा भाव कोणी भरलाच नाही, एवढेच त्याचे कारण असू शकते. मॉलमध्ये गेल्यावर बिल न वाचता घडी करून खिशात घालणाऱ्या सुशिक्षितांचे आम्हाला नवल वाटते. वाण्याची वही वाचता येत नव्हती म्हणून आजोबा फसले. बिल तर स्वच्छ छापलेले असते. छापील कमाल किंमतीपेक्षा जास्त रक्कम घेतली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

विद्यार्थ्यांसाठी येथे एक गंमत सांगतो. बारकोडच्या तेरा आकड्यांपैकी शेवटचा आकडा हा तपासणीचा आकडा असतो. समजा एखाद्या पुड्यावर ८९०१२३४५६७८९० असा क्रमांक आहे. पहिल्या बारा आकड्यांतील विषम स्थानांवरचे आकडे घ्या: ८, ०, २, ४, ६, ८, त्यांची बेरीज २८. सम स्थानांवरचे आकडे ९, १, ३, ५, ७, ९. त्यांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. या संख्येत किती मिळविले असता दहाने भाग जाईल? शून्य. म्हणून शेवटचा आकडा शून्य. एखादी पट्टी खरचटून यंत्राने एक आकडा चुकीचा वाचला तर हा हिशेब जुळत नाही आणि यंत्र ती वस्तू स्वीकारत नाही. घरातील बिस्किटाच्या पुड्यावर हा हिशेब करून पाहावा. आणखी एक: सुरुवातीचे ८९० म्हणजे वस्तू भारतात तयार झाली असे नव्हे. कंपनीने आपला क्रमांक भारतातील संस्थेकडून घेतला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

बारकोडमुळे वस्तूची नोंद दुकानदाराच्या डोक्यातून आणि वहीतून निघून संगणकात गेली. कोणता साबण किती खपला, कोणत्या फळीवर ठेवला तर जास्त खपतो, हे मालकाला संध्याकाळी समजू लागले. पण गिऱ्हाईक कोण हे पट्ट्यांना ठाऊक नव्हते. ती उणीव पुढे भरून निघाली.

आता चौकोनाकडे वळू. क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये जन्माला आला. मोटारींचे सुटे भाग मोजण्यासाठी कारखान्यात बारकोड वापरत. पण त्यात माहिती मावेना, एकेका पेटीवर अनेक बारकोड वाचावे लागत. डेन्सो वेव्ह या कंपनीतील मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पट्ट्यांऐवजी आडवे-उभे ठिपके मांडले. तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. त्यामुळे कोड तिरका असो की उलटा, कॅमेऱ्याला त्याची दिशा समजते. शिवाय तीच माहिती राखीव स्वरूपात पुन्हा गुंफलेली असते, म्हणून तेलाचे डाग पडलेला, कोपरा फाटलेला कोडही पुष्कळदा वाचला जातो. वडापावच्या गाडीवर तो टिकून राहतो याचे श्रेय या रचनेला आहे. कंपनीने पेटंट घेतले, परंतु त्यासाठी जगाकडून पैसे मागितले नाहीत. तसे मागितले असते तर हा चौकोन भाजीच्या गाडीपर्यंत पोहोचला असता असे आम्हाला वाटत नाही.

येथे दुसरा गैरसमज दूर करायला हवा. दुकानातला क्यूआर कोड म्हणजे पैशाचे यंत्र नव्हे. ते केवळ पाकिटावर लिहिलेल्या पत्त्यासारखे आहे. दुकानदाराचे नाव आणि त्याच्या खात्याचा पत्ता, एवढेच त्या ठिपक्यांत असते. पैसे पाठविण्याचे काम दुसरीच व्यवस्था करते आणि तिचे नाव यूपीआय.

ही व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था चालविते. रिझर्व्ह बँक आणि बँकांची संघटना यांच्या पुढाकाराने ती २००८ साली स्थापन झाली. ११ एप्रिल २०१६ रोजी त्या वेळचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईत यूपीआयचा प्रारंभ झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर बँकांची ॲप लोकांच्या हाती आली. आपण शंभर रुपयांचे वाणसामान घेऊन पिन दाबतो तेव्हा काय होते ते पाहा. मोबाईलमधील ॲप हा निरोप सांकेतिक स्वरूपात या संस्थेच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे पोहोचविते. ती यंत्रणा आपल्या बँकेला सांगते, अमुक खात्यातून शंभर रुपये वजा करा. आपली बँक पिन तपासते, शिल्लक पाहते आणि वजा करते. मग दुकानदाराच्या बँकेला निरोप जातो, शंभर रुपये जमा करा. जमा झाल्याचा निरोप परत येतो, तेव्हा आपल्या मोबाईलवर हिरवी खूण उमटते आणि डबा बोलतो. हे सारे काही सेकंदांत. पूर्वी चेक वटविण्यासाठी बँकांचे लोक समाशोधन गृहात गठ्ठे घेऊन जात असत. काम तेच आहे, गठ्ठे गेले. बँकाबँकांतील देणेघेणे मात्र आजही मागाहून, ठरावीक वेळांना एकत्र हिशेब करून भागविले जाते.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. त्या दिवसांत काउंटरच्या आतल्या बाजूला आम्ही होतो आणि बाहेरच्या बाजूला रांगेत आपले सभासदही होते. त्या अनुभवाविषयी येथे अधिक लिहीत नाही. त्यानंतर ३० डिसेंबर २०१६ रोजी भीम हे ॲप आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावावरून ते नाव ठेवण्यात आले हे सर्वांना ठाऊक आहे, पण त्यामागचे औचित्य पुष्कळांना ठाऊक नसते. बाबासाहेब चलनशास्त्राचे अभ्यासक होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की भीम हे एक ॲप आहे आणि यूपीआय ही व्यवस्था आहे. पाट्यांवर दोन्ही नावे एकत्र छापलेली असतात म्हणून घोटाळा होतो.

सुरुवातीला एकेका दुकानात तीन-चार कंपन्यांचे निरनिराळे चौकोन चिकटविलेले असत आणि एकाचा कोड दुसऱ्याच्या ॲपला वाचता येत नसे. रिझर्व्ह बँकेने २०२० साली आदेश काढला की कोड कोणत्याही ॲपला चालला पाहिजे, आणि त्यासाठी मार्च २०२२ अखेरची मुदत दिली. जानेवारी २०२० पासून अशा व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेणेही बंद झाले. या दोन गोष्टींमुळे लहान दुकानदाराने हे तंत्र मनापासून स्वीकारले, असे आमचे मत आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये महिन्याचे व्यवहार प्रथमच शंभर कोटींच्या पुढे गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात ते दोन हजार कोटींवर पोहोचले. सुट्या पैशांच्या बदल्यात हातावर गोळी-चॉकलेट टेकविण्याची जुनी चालही यामुळे जवळजवळ संपली, हेही नमूद करावेसे वाटते.

आता दुकानदाराची बाजू. पूर्वी भाजीवाल्या बाईचा धंदा किती, हे तिच्या कनवटीला ठाऊक. बँकेत कर्ज मागायला आली की आम्ही कागद मागायचो आणि तिच्याकडे कागद नसायचा. मग ती जायची सावकाराकडे. आता रोजची विक्री खात्यात दिसते. फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये पीएम स्वनिधी योजना सुरू झाली, तीत पहिले कर्ज दहा हजारांचे होते. ते फेडले की वीस आणि मग पन्नास हजार. ऑगस्ट २०२५ मध्ये ही रक्कम पहिल्या टप्प्याला पंधरा आणि दुसऱ्याला पंचवीस हजार करण्यात आली आणि कर्जाची मुदत मार्च २०३० पर्यंत वाढविण्यात आली. मोबाईलवर पैसे घेणाऱ्या फेरीवाल्याला योजनेत थोडी रक्कम परतही मिळते. वेळेवर फेडणाऱ्या बाईच्या नावावर चांगली नोंद तयार होते, आणि या नोंदीला व्यवहारात मोल आहे. ज्यांचे नातेवाईक गाडी लावतात त्यांनी ही योजना आवर्जून समजावून सांगावी.

पण नोंद ही दुधारी असते. जुलै २०२५ मध्ये बंगळुरूमधील लहान दुकानदारांना त्यांच्या यूपीआयवरील जमा रकमा पाहून वस्तू व सेवा कराच्या नोटिसा आल्या. वर्षाची उलाढाल मालाच्या बाबतीत चाळीस लाख आणि सेवेच्या बाबतीत वीस लाख रुपयांच्या पुढे गेली तर नोंदणी करावी लागते. अनेकांना हे माहीत नव्हते, आणि काहींच्या खात्यात घरचे उसनवारीचे पैसेही धंद्याच्या पैशांत मिसळले होते. कित्येकांनी चौकोन काढून टाकले आणि 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. आम्ही दुकानदार बंधूंना हेच सांगतो की चौकोन काढून प्रश्न सुटत नाही. धंद्याचे खाते आणि घरचे खाते वेगळे ठेवावे. एवढे केले तर खात्यातील आकडा पाहून कोणी प्रश्न विचारला तरी उत्तर देता येते.

गिऱ्हाइकाचीही नोंद होते, आणि ती जास्त गुपचूप होते. मॉलमध्ये दोन मोजे घेतले तरी 'सर, मोबाईल नंबर सांगा' असे विचारतात. आपण निमूटपणे सांगतो आणि त्याच क्षणी मोजे, तारीख, किंमत आणि माणूस हे एकत्र जोडले जातात. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना कळविले की बिल देण्यासाठी मोबाईल क्रमांकाची सक्ती करू नये. तेव्हा 'नंबर द्यायचा नाही' असे शांतपणे म्हणावे, बिल मिळते. घरबसल्या ॲपवरून सामान मागविणाऱ्यांनी तर अधिकच सावध राहावे. तेथे न मागितलेली वस्तू यादीत घुसविणे, 'फक्त पाच मिनिटे शिल्लक' अशी खोटी घाई करणे, असे प्रकार चालतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असे तेरा प्रकार सांगून त्यांना मनाई केली आहे. दहा मिनिटांत घरपोच येणाऱ्या दुधाविषयी आमचे मत येथे देत नाही. मोटारसायकलवरून ते आणणारी मुले आपल्याच वस्त्यांतील आहेत, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

यंत्र जात विचारत नाही, असे एका तरुण मित्राने आमच्याशी बोलताना म्हटले. बऱ्याच अंशी ते खरे आहे. चौकोनाला पायरी नसते आणि पैसे फळीवर ठेवावे लागत नाहीत. पण पैसे पोहोचल्यावर दुकानदाराला पाठविणाऱ्याचे आडनावासह नाव दिसू शकते, हेही तितकेच खरे. आडनाव वाचून काय करायचे हे माणूस ठरवितो, यंत्र नव्हे.

फसवणुकीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आमच्या काउंटरवर डोळ्यांत पाणी आणून उभी राहणारी माणसे बहुतेक याच कारणाने येतात. सर्वांत मोठी फसवणूक एकाच अज्ञानावर उभी आहे. फोन येतो: 'काका, तुमची जुनी खुर्ची मी घेतो, पैसे पाठवितो, कोड स्कॅन करा आणि पिन टाका म्हणजे जमा होतील.' वाचकांनी हे पक्के ध्यानात ठेवावे की पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन म्हणजे आपल्या बँकेला दिलेली आज्ञा: माझ्या खात्यातून वजा करा. पैसे येणार असे सांगून पिन मागितला गेला तर पैसे जाणार आहेत. अनोळखी माणसाने 'पैसे द्या' अशी मागणी पाठवायची आणि समोरच्याने गडबडीत होकार द्यायचा, हा प्रकार इतका वाढला की व्यक्तीने व्यक्तीला अशी मागणी पाठविण्याची सोयच ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. दुकानदारांच्या बाबतीत दुसरा प्रकार घडतो. रात्री कोणीतरी येऊन दुकानाच्या कोडावर स्वतःचा कोड चिकटवून जातो आणि दिवसभराची विक्री त्याच्या खात्यात जमा होते. स्कॅन केल्यावर दुकानदाराचे नाव दिसते ते मोठ्याने वाचावे, ही सवय दोघांच्याही उपयोगाची आहे. तिसरा प्रकार म्हणजे पैसे पाठविल्याचे बनावट चित्र मोबाईलवर दाखविणे. गर्दीच्या वेळी भाजीवाल्या भगिनी तेवढ्यावर विश्वास ठेवतात. बोलणाऱ्या डब्याचे महिन्याचे भाडे त्यांना खुपते, पण त्या डब्याचा जन्म याच कारणाने झाला.

फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा आणि आपल्या बँकेलाही कळवावे. लाज वाटून दोन दिवस घरात बसणारे लोक आम्ही पाहतो. पहिल्या तासा-दोन तासांत कळविले तर पैसे पुढे सरकण्याआधी अडविता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकात असे ठरविले की ग्राहकाने स्वतः पिन सांगितला असेल तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. कळविल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे कळविण्याची वेळ हीच महत्त्वाची. तक्रार दिल्याचा क्रमांक लिहून घ्यावा.

फसवणूक नसताना केवळ यंत्रणा अडकल्यामुळे पैसे मध्येच राहिले तर काय, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने मुदती ठरवून दिल्या. व्यक्तीला पाठविलेले पैसे त्याच्या खात्यात जमा झाले नाहीत तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यावेत. दुकानदाराला दिलेले पैसे कापले गेले पण त्याच्याकडे पोहोच आली नाही तर पाच दिवसांत परत यावेत. त्याहून उशीर झाल्यास दर दिवसाला शंभर रुपये भरपाई ग्राहकाला द्यावयाची आहे. ही भरपाई ग्राहकाने न मागताही मिळाली पाहिजे असा नियम आहे, पण तारीख लक्षात ठेवून विचारणा करणारा ग्राहक क्वचितच भेटतो. दुकानात पैसे अडकले तर घाईने पुन्हा पाठवू नयेत. पाच मिनिटे थांबून ॲपमधील नोंद पाहावी.

पासबुकाविषयीही सांगतो. दहा रुपयांचा चहा, पंधरा रुपयांची कोथिंबीर, अशा नोंदींनी पासबुक महिन्यात भरते आणि त्यातला गॅसचा अनुदानाचा किंवा शिष्यवृत्तीचा आकडा शोधता शोधता आम्हाला चष्मा पुसावा लागतो. लहान रकमांसाठी यूपीआय लाइट ही सोय आहे. तीत पाच हजारांपर्यंत रक्कम एकदाच बाजूला ठेवता येते, हजारापर्यंतच्या खरेदीला पिन लागत नाही आणि पासबुकात एकच नोंद येते. अर्थात मोबाईल हरविला तर तेवढी रक्कम धोक्यात येते, म्हणून पाच हजार ठेवायलाच हवेत असे नाही, पाचशेही चालतात.

ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे त्यांच्यासाठी मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे सुरू झाले. ठरावीक क्रमांकावर फोन करून, आवाजाने सांगितल्याप्रमाणे बटणे दाबून, एका वेळी दहा हजार रुपयांपर्यंत पैसे देता येतात. परंतु आमच्या अनुभवात वयस्क मंडळी ते वापरण्याऐवजी आपले एटीएम कार्ड आणि पिन नातवाच्या हाती देतात. 'तूच टाक रे बाबा, मला नाही समजत.' बहुतेक नातवंडे गुणी असतात, परंतु आजीच्या पेन्शनचे काय झाले हे मग आजीला सांगता येत नाही. वाण्याच्या वहीपुढे उभ्या असलेल्या तिच्या आईची जी स्थिती होती, तीच ही स्थिती. ऑगस्ट २०२४ पासून यूपीआय सर्कल ही सोय उपलब्ध आहे. तीत आजीने आपल्या ॲपमधून नातवाला फक्त खर्च करण्याची परवानगी द्यायची, पिन द्यायचा नाही. मर्यादा आजी ठरविते. एका व्यवहाराला जास्तीत जास्त पाच हजार आणि महिन्याला पंधरा हजार. किंवा प्रत्येक खर्चाला तिच्या मोबाईलवर विचारणा येईल आणि ती पिन टाकील तेव्हाच पैसे जातील, असेही ठेवता येते. नातवाने औषध आणले की त्याच मिनिटाला तिच्या मोबाईलवर आकडा दिसतो. परवानगी तिला वाटेल तेव्हा काढून घेता येते आणि नोंद तिच्याच पासबुकात उमटते.